नाकबाईंची टाकी

आमच्या कॉफी पिकवणाऱ्यांच्या सोसायटीत कुणाचा माल वेगळा राहत नाही. डोंगरउतारावरच्या सगळ्या घरांची लाल फळं एकाच यंत्रात सोलली जातात आणि चिकट बिया एकाच टाकीत पडतात. तिथे आंबून बियांवरचा चिकटा सुटला की लगेच धुवायचं. उशीर झाला तर आंबूस वास बीत शिरतो, मग कितीही धुवा, जात नाही. सगळ्यांचंच वाटोळं. हे एकत्र यायचं खूळ मीच घरोघरी भांडून लोकांच्या गळी उतरवलं, त्यामुळे टाकी बिघडली तर शिव्याही मलाच.

टाकी कधी धुवायची ते नाकबाई ठरवायच्या. कडेला वाकायच्या, एक श्वास घ्यायच्या, म्हणायच्या, "सोडा पाणी." पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. "नाकावर माशी बसू देत नाहीत, म्हणून नाकबाई," असं त्यांची धाकटी जाऊ म्हणायची. अर्थात त्यांच्या माघारी.

यंदा ऐन तोडणीत त्यांना ताप आला. उतरला तशा लगेच कामावर हजर. एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. दूध करपून घरभर वास सुटला, आणि या आपल्या निवांत गप्पा मारतायत. जाऊ धावत आली. "अहो जाऊबाई, दूध!"

नाकबाईंनी नजर चुकवली. मला कळायचं ते कळलं.

"वास येत नाही तुम्हाला?"

"तापापासून गेलाय."

"आणि कालची टाकी?"

"धुतली की."

"कशाच्या जोरावर?" मी ताडकन उठले. "सगळ्या घरांचा माल होता तिच्यात! एक शब्द बोलला असतात तर तोंड झिजलं असतं?"

"ओरडू नकोस गं. मूठभर बिया चोळून बघितल्या. खड्यांसारख्या खरखरल्या, तेव्हा पाणी सोडलं." मग आवाज एकदम खाली आला. "बरोबर असेल ना?"

या बाईंनी जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं.

त्या बिया वाळेपर्यंत आम्ही तिघींनी हे बाहेर फुटू दिलं नाही. मधल्या दिवसांत टाकीचा वास जाऊ घ्यायची आणि नाकबाईंना डोळ्यांनी खुणवायची.

शेवटी कॉफीची चव घेऊन माल पारखणारी बाई आली. तिने बिया भाजल्या, दळल्या, पेल्यात गरम पाणी ओतलं. चमच्याने सुर्रकन ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. वर्षानुवर्षं एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या दोघी जावा हात घट्ट धरून उभ्या.

"स्वच्छ आहे," पारखणारी म्हणाली. "आंबूस कुठेच नाही."

नाकबाईंनी तिथे जमलेल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझं नाक गेलंय. ही टाकी मी नुसत्या हातावर काढली. बोला काय बोलायचं ते."

लोक बोलले, चांगलं तासभर बोलले. शेवटी ठरलं, यापुढे हात नाकबाईंचा आणि नाक जाऊचं. दोघींचं जुळल्याशिवाय पाणी सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीवर जुंपली.

"झालंय म्हणते ना, जाऊबाई!"

"गप. अजून बुळबुळीत लागतंय. कालची आलेली तू, मला शिकवतेस?"

खाली यंत्रापाशी मला सगळं ऐकू येत होतं. मी रिकामं पोतं पसरलं, त्यावर आडवी झाले आणि गाढ झोपले.