इंद्रलोकातल्या सिंहाला आणायला गेलो तेव्हा

जुन्या इंग्रजी प्राणिग्रंथांतली कोरीव चित्रं जमवायचा मला नाद आहे. एका संचातला फक्त सिंह राहिला होता आणि त्याच्यापायी मी कितीतरी रद्दीवाल्यांची डोकी खाल्ली होती. परवा मोबाईलवर, जुन्या वस्तूंच्या ग्रुपमध्ये, भाईंदरच्या हरेश्वर नावाच्या गृहस्थाने नेमका तोच विकायला टाकला. रविवारी पहाटेच मी नाशिकहून गाडी काढली.

ठाण्यापर्यंत रस्ता उत्तम. घोडबंदरला लागलात की मात्र सोबत पाणी आणि सहनशील माणूस ठेवा. वरसाव्याच्या पुलाजवळ मी इतका वेळ अडकलो की शेजारच्या टेम्पोवाल्याने मला चकली देऊ केली. मीरा रोडला शांती नगरात फाफडा-जिलेबी हाणली. खाणं गरम आणि स्वस्त मिळतं, गाडीला जागा मिळत नाही. "भैया, इधर मत लगाओ" हे प्रत्येक दुकानासमोर ऐकून घेतलं.

भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाच्या वसाहतीत पोहोचलो तेव्हा हरेश्वर खालीच उभा होता. "सर, हॉलला रंग काढतोय, म्हणून ते जुनं काढून टाकतोय," म्हणाला.

वर गेलो. भिंतीवर माझा सिंह! त्या काळच्या कोरणाऱ्यांनी सिंह पाहिलेला नसायचा, ऐकीव माहितीवर काम चालायचं, त्यामुळे चेहरा माणसाचा होऊन बसायचा. याच्या भुवया जुळलेल्या होत्या आणि बिनसाखरेचा चहा मिळाल्यासारखं तोंड होतं. पण कपाळाला गंध आणि गळ्यात चंदनाचा हार कशाला?

"सासरे आहेत," हरेश्वरची बायको वनिता हळूच म्हणाली. "म्हणजे, तसेच दिसायचे म्हणे. फोटोला कधी उभेच राहिले नाहीत. ही फ्रेम त्यांनीच भंगारातून आणलेली. मला तर पोहे करताना पण पदर सावरावा लागतोय."

मी हार काढायला हात लावला आणि आतून हरेश्वरची आई आली. त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"ह्यांना कुठं नेतो रं?"

हरेश्वर पंख्याकडे बघू लागला. मीच पुढे झालो. "आजी, याची हुबेहूब प्रत काढून देतो. काडीचा फरक दिसणार नाही."

"फरक दिसनार न्हाय?"

"अजिबात नाही."

"मंग ती तूच ठेव. ह्यांना राहू दे."

नाशिकपासून घोळवत आणलेली माझी सगळी बोलणी तिथेच संपली. तिने जेवायला बसवलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. सिंहासमोर बसून मी जेवलो. निघताना फोटो काढू का विचारलं.

"काढ," ती म्हणाली. "आता ते काय न्हाय बोलत."

रिकाम्या हाताने घरी आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तो सिंह आता मला मिळायचा नाही. बायकोला फोटो दाखवून सगळी हकिकत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. पण ती माझ्या संचासमोर जाऊन एकेक प्राणी निरखत राहिली, मध्येच एकदोनदा माझ्याकडेही पाहिलं आणि अस्वलापाशी थांबली.

"हे कुणाला देऊ नकोस," म्हणाली. "पुढेमागे लागेल."