हळद प्यालेला गोबरगॅस

गोबरगॅसच्या खड्ड्यात मी एकदा मेलो होतो, असं आमच्या गावात अजून सांगतात. मला त्यातलं फारसं सांगता येत नाही, कारण मुख्य प्रसंगी मी बेशुद्ध होतो. तो भाग बायकोकडून ऐकलेला आहे, आणि ती तिखटमीठ लावत नाही. (लावलं असतं तर बरं झालं असतं.)

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून जवळच. घरामागं शेणाचा गोल खड्डा, वर लोखंडी टाकी उलटी घातलेली. बायको, म्हणजे शारदा, रोज सकाळी शेणपाणी कालवून त्यात ओतायची. तीन वर्षं शेगडी बिनतक्रार जळत होती. मग मी गोबरगॅसचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो.

तिथं कळलं, की शेतातला काडीकचरा कुजवूनही गॅस निघतो. आमच्याकडं हळद पॉलिश करून झाली होती, आणि मागं पिवळ्या भुकटीची पोती उरली होती.

"हे काहून वतून राहिले?" शारदानं विचारलं.

"गॅस दुप्पट व्हईल."

"बराबर चालू हाय, त्याला कशाला हात लावता?"

मी तिला विज्ञान समजावून सांगितलं आणि पोतं ओतलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. आठवड्याभरात ज्योत करंगळीएवढी झाली आणि मग विझलीच. मी नळी तपासली, शेगडी खोलली, टाकीला कान लावून बसलो. शेवटी आई म्हणाली, "आरं, जखमेवर हळद कशाला लावतेत? किडे मरावं म्हणून. तुझ्या खड्ड्यातले बी मेले असतील."

आई शाळेत गेलेली नाही. तरी तिचं खरं होतं. गॅस जंतूच तयार करतात, आणि मी त्या बिचाऱ्यांना हळद लावून बोहल्याऐवजी मसणात पाठवलं होतं.

आता खड्डा उपसून नव्यानं भरणं आलं. चौघांनी टाकी उचलून बाजूला ठेवली. दोन दिवस वरूनच बादल्या काढल्या. तळाला कमरेएवढा गाळ राहिला, तिथं बादली पोचेना. मी बांबूची शिडी सोडली.

"उतरू नका," शारदा म्हणाली. "माझ्या मामाच्या गावात हिरीत एक भाऊ उतरला, तो पडला. त्याला काढाया दुसरा उतरला. दोघं बी गेले."

"ती हीर होती. हे शेण हाय."

"हवा तीच हाय."

"ट्रेनिंग म्या घेतलं का तू?"

(खड्ड्यातल्या हवेचा धोका दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवला होता. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं, आणि मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून झोपलो होतो.)

उतरताना नाक फाटेल असा वास होता. पाचव्या पायरीला तो एकदम येईनासा झाला. मला वाटलं, सवय झाली. शारदाला तसं सांगावं म्हणून मी वर बघितलं, आणि पाय माझे राहिले नाहीत. उजवा हात शिडीच्या पायरीत अडकला, एवढंच आठवतं.

पुढचं शारदाचं.

तिच्या ओरडण्यानं पहिला आला तो माझा थोरला भाऊ. धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून, आमची दोन वर्षं बोलचाल बंद होती. दादानं अंगातला सदरा काढला आणि शिडीवर पाय ठेवला. मागं आणखी दोघं तयार. सोळा वर्षांत दादासमोर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या शारदानं त्याचं मनगट धरलं.

"दादा, उतरायचं न्हाई."

"सोड. भाऊ हाय माझा."

"माझा नवरा हाय. तरी न्हाई."

जमलेली माणसं म्हणाली, बाई हाय का दगड. तिनं ऐकलं आणि मनगट सोडलं नाही. शिडीच्या दोन्ही बांबूंची टोकं खड्ड्याच्या वर आलेली होती. त्यांना तिनं बैलांचे कासरे बांधायला लावले. "शिडीच वढा. हळू. हात सुटला तर मानूस गेला."

म्हणून मी शिडीसकट वर आलो. काठाशी हात सुटलाच, पण पालथं पडलेल्या दादानं माझे केस धरले. (ते तेव्हा होते.)

मी काळानिळा पडलो होतो. आईनं माझे गुण मोजत रडायला सुरुवात केली. शारदा म्हणाली, "आई, थांबा. श्वास चालू हाय." मग मला जीपमध्ये घालून बाळापूरच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा उशाशी दादा बसला होता. दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य असं: "धुऱ्याचं मंग बघू. आंघोळ कर आधी."

डॉक्टर घरच्यांना म्हणाले, "खाली आणखी कुणी उतरलं असतं तर आज तिरड्या मोजत बसला असतात."

शारदा दाराशी उभी होती. घरी आल्यावर ती गोठ्यात जाऊन बसली आणि म्हशीच्या अंगावर डोकं टेकून बराच वेळ रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "त्याचं मनगट धरलं तवा मला वाटलं, म्या तुमाला मारून राहिले." शिडीत अडकलेला उजवा हात अजून नीट वळत नाही. चहाचा कप मी डाव्या हातानं धरतो.

खड्डा नुसत्या शेणानं भरला. महिन्याभरानं ज्योत परत आली.

आता आसपासच्या गावांत कुणी नवा प्लांट घातला, की बायका शारदाला बोलावतात. ती मलाही बरोबर नेते. बोलायचं काम तिचं. मी नुसतं शेजारी उभं राहायचं. 'असं करू नका' म्हटल्यावर बोट दाखवायला तिला कुणीतरी लागतं.