शेवटच्या बाकावरचा बाप

सातवीत असताना वर्गातल्या एका मुलाने माझी वेणी ओढली आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. आमची चांगलीच जुंपली आणि खिडकीची काच फुटली. मला आठ दिवस शाळेतून काढलं. त्याला नुसतं "बाळा, असं करू नये."

बाबांना गावाहून, कुहीहून, नागपूरला शाळेत बोलावून घेतलं. धानाच्या रोवणीचे दिवस, पायांना चिखल तसाच. त्या मुलाचे वडील गांधीबागेतले कापडवाले. ते मोठ्या बाईंसमोर खुर्चीत बसून चहा पीत होते. बाबा उभेच.

"बाई, पोरीले घरी नका धाडू," बाबा म्हणाले. "पाहिजे तं मीच बसतो तिच्यासंगं वर्गात. लक्ष ठेवतो."

बाई आणि कापडवाले, दोघंही हसले. ते हसणं मी विसरले नाही, मला विसरायचंही नव्हतं.

आता मी नागपुरातच मुख्याध्यापिका आहे. माझ्या शाळेत मारामारी केली म्हणून कुणालाच घरी पाठवत नाही. दोघांच्याही आईबापांपैकी एकाने एक दिवस येऊन वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं. वरचे साहेब या नव्या कल्पनेचं कौतुक करतात. मी हो हो म्हणते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर दोन पोरं भिडली. एकाची आई धुणीभांडी करणारी. दुसऱ्याचा बाप तोच, माझी वेणी ओढणारा.

"मॅडम, सीझन सुरू हाय. दुकान सोडता येत नाही. मुनीमजीले पाठवतो ना."

"बापच लागतो," मी म्हटलं आणि मोबाइलही काढून घेतला.

एका टोकाला ती बाई, दुसऱ्या टोकाला हा. बाई फळ्यावरून नजर हलवत नव्हती. याचे गुडघे बाकात मावत नव्हते. मी कारण नसताना व्हरांड्यातून चकरा मारत राहिले. फार बरं वाटत होतं.

शाळा सुटल्यावर तो मोबाइल न्यायला आला. मी त्याला बसा म्हटलं नाही.

"याच्यापेक्षा पोराले आठ दिवस काढलं असतं तं परवडलं असतं, मॅडम."

"माझ्या बाबांनी हे वर्गात बसणंच मागितलं होतं," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांसमोर उभं राहून. तुमचे वडील हसले होते."

"कोणाचे बाबा?"

तो खरंच गोंधळला होता. काच, वेणी, मी, त्याला काहीच आठवत नव्हतं.

नियम एकाच दिवसाचा आहे. त्या बाईंना मी कधीच घरी सोडलं होतं. त्याला म्हटलं, "उद्याही या."