घासून ठेवलेली वाटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरधन्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. माहेरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, तेव्हा तिनं विचारलं होतं, काय झालं गं? तेव्हाही नाही. मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तू कोण आहेस मला ठाऊक नाही — शेजारी बसली आहेस असं धरून लिहिते.

आमचं गाव खुटबाव. हे पाटसच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला जायचे. घरात आम्ही दोघं, लेक आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. दुष्काळ सरला त्या वर्षी आत्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला नेलं आणि सांगितलं, आता घरीच न्या.

दुखणं काय असतं ते मी तेव्हा बघितलं. कळ आली की आत्या पदराचा बोळा करून दातांत धरायच्या. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. त्यांच्या सगळ्या लुगड्यांचे पदर चावून चावून विरले होते. मीच धुवायची ना — मला माहीत.

माझं माहेर वढूकडचं. आईनं शिरूरच्या एका म्हाताऱ्या वैद्यांचं नाव सांगितलं. ते भांगेची पानं दुधात शिजवून, तुपात घोटून औषध करायचे. मी ते आणलं. पितळेच्या लहान वाटीत काढून बोटानं आत्यांना चाटवलं. दुपार कलली तसा त्यांचा चेहरा सैल झाला. पिठलं-भाकरी मागितली. जेवता जेवता म्हणाल्या, "आगं, देवळातला गोसावी ओढतो त्ये ह्येच का?"

मी म्हणाले, "त्याच्याच जातीचं हाय म्हनं."

"आन् मी जल्मभर त्या मेल्याला शिव्या घातल्या! श्याना निघाला की गं त्यो!"

किती दिवसांनी त्या हसल्या होत्या. मीही हसले.

मग शिरूरला सरकारी माणसांची तपासणी झाली आणि वैद्य घाबरले. मी गेले तर त्यांनी हातच जोडले. "पोरी, कायदा दारूबंदीचा, पन त्यात ह्येबी येतं. परवाना आन, मंग देतो." परवाना कुठं मिळतो, कोण देतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा सुमनताई आल्या. दौंडच्या बौद्धवाड्यातल्या. त्यांचे मालक रेल्वेत होते, घशाच्या रोगानं तळमळून गेले. तेव्हापासून ही बाई गावोगाव फिरत होती. ज्या घरात असलं दुखणं, तिथं जायची, अर्जावर अंगठे घ्यायची. आजाऱ्याला औषधापुरता परवाना द्या, एवढंच मागणं. आमच्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "पैशेवाल्याला डाक्टरच्या चिठ्ठीवर दारूचा परवाना मिळतो. मंग मरनाऱ्या म्हातारीला औशिदाचा का न्हाई?"

मी त्यांना चहा दिला. कोणत्या कपात दिला, तेही लिहायला हवं. कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा, त्यात दिला. आत्यांनी बघितलं. सुमनताईंचा हात धरून त्यांनी त्यांना आपल्या अंथरुणावर बसवलं.

दौंडच्या दारूबंदी कचेरीतले साहेब ऐकून घ्यायला तयार झाले. म्हणाले, कागद पुष्कळ झाले, ज्यांच्या घरात आजारी आहे असं एक माणूस आणा, त्याच्या तोंडून ऐकतो. बाकीचे मागं सरले. मी सही करू शकत होते, म्हणून माझं नाव निघालं. आता तू म्हणशील, नवऱ्यानं अडवलं असेल. नाही गं. हे कामावर निघाले होते, दारात थांबून म्हणाले, "बोल. आयसाठी बोल. घाबरू नगं." आत्या म्हणाल्या, "माज्या पोटात काय व्हतं त्ये तुलाच ठावं. तूच सांग."

मग मला कुणी अडवलं?

कचेरीत बाकावर मी आणि सुमनताई शेजारी शेजारी बसलो होतो. आजूबाजूला कामाला आलेली माणसं. एकही चेहरा ओळखीचा नाही. साहेबांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय बाई, तुमच्या घरात गांजा कोण ओढतं?"

माणसं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "सासू-सुना मिळून ओढत्यात जनू!"

सुमनताई म्हणाल्या, "साहेब, वढायचं न्हाई, औशीद हाय. सांग गं तू, आत्याला कसा गुन आला त्ये."

मला सांगता येत होतं. सगळं तयार होतं — पदराचा बोळा, वाटी, पिठलं-भाकरी. वाटेत एस्टीत मनाशी म्हणत आले होते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरात असलं कायबी आनलेलं न्हाई. ह्या बाईनं सही करा म्हटलं, म्हनून केली."

साहेबांनी कागदावरची माझी सही बघितली. मग सुमनताईंना म्हणाले, "गरीब बायकांना फसवून सह्या घेता?" अर्ज त्यांनी बाजूला सारला. पुढं गावोगावच्या लोकांच्या कानावर साहेबांचं एवढंच बोलणं गेलं, माझं नाव नाही, आणि ज्यांनी अंगठे दिले होते ते सुमनताईंना दारात उभं करेनासे झाले.

भीती वाटली असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. पण पोलीस तिथं नव्हता. लाज वाटली म्हणावं, तर कुणाची? ती माणसं पुन्हा भेटणारसुद्धा नव्हती. खरं असं आहे — लोक हसले तेव्हा मला एवढंच वाटलं, की ह्यांनी मला ह्या बाईच्यातली समजू नये. बस. मी बाकावर अंग चोरून जरा बाजूला सरकले. आधी सरकले आणि मग बोलले.

घरी आले. आत्यांनी मान वळवली. "बोललीस?"

"बोलले."

"काय म्हनलं सायब?"

"बघतो म्हनले. परवाना यील."

हे दुसरं. दोन्हींत जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी म्हणायच्या, "वाटी घासून ठिव गं. आज आला परवाना तर खोळंबा नगं." मी राखेनं वाटी घासायची. लखलखीत करून त्यांच्या उशाशी ठेवायची. त्या बोट फिरवून बघायच्या. कळ आली की पदर दातांत धरायच्या आणि वाटीकडं बघत राहायच्या. गाठ वाढत होती. वाटी मी रोज घासत होते.

भेटायला येणाऱ्या बायांना सांगायच्या, "माजी सून सायबाफुडं बोलली. घरात हिचं त्वांड कवा उघडत न्हाई, पन माज्यासाठी बोलली." बाया माझ्याकडं कौतुकानं बघायच्या.

एकदा सुमनताई आल्या. मला वाटलं, आता सगळं संपलं. आत्यांनी त्यांचा हात धरला. बोलायचं बळ राहिलं नव्हतं, तरी विचारलं, "सुमन, तू व्हतीस की तितं. कशी बोलली माजी सून?"

सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं. मी दाराला धरून उभी होते.

"लई चांगलं बोलली, मावशी," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी चहा घेतला नाही. मी चांगला कप काढला होता.

आत्या गेल्या तेव्हा पदर त्यांच्या दातांतून सोडवावा लागला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात, आणि मग ज्यानं त्यानं ती पुरी करायचा शब्द द्यायचा. हे म्हणाले, "आये, तुजी गाय इकनार न्हाई." कावळा हलेना. नणंद रडली, भाऊबंद बोलले. शेवटी ह्यांच्या थोरल्या मामांनी मला पुढं केलं. "तू बोल, पोरी. तुज्यावर जीव व्हता तिचा."

मी पिंडापुढं हात जोडले. माझ्याजवळ खरं असं एकच वाक्य होतं. मोठ्यानं म्हणायचीही गरज नव्हती, ओठ हलवले असते तरी चाललं असतं. मागं सगळं गाव उभं होतं. मी म्हणाले, "आत्या, नातीचं लगीन चांगलं करीन."

कावळा आला नाही. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आलो.

सुमनताई पुन्हा गावात आल्या नाहीत. वाटी फडताळात आहे. आमच्या आळीत नवी सून आली की म्हाताऱ्या बाया तिला माझ्याकडं बोट करून सांगतात, सून असावी तर अशी, सासूसाठी कचेरीत जाऊन बोलली. मी मान खाली घालते.

त्या म्हणतात, बघा, अजून किती लाजते.