मनगटावर दोनच पट्ट्या

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला चूक खपत नाही. एखादा दात केसभर उंच बसला तरी गिऱ्हाइकाची हिरडी सोलून निघते. हा कवळीवाला तेवीस वर्षं एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मेणात दात ओळीने लावत आला होता. खोलीला एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. दिवसभर माणसांशी गाठ नाही, नुसती त्यांच्या जबड्यांशी. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण माणूस तिरसट होता. घरात चपला भिंतीला समांतर ठेवलेल्या नसल्या तर तो जेवायला बसायचा नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी हा पळायला लागला तो तब्येतीसाठी नव्हे, साडूसाठी. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत शाखाधिकारी, गावातल्या पळणाऱ्यांच्या क्लबाचा म्होरक्या. चार माणसं जमली की स्वतःच्या शर्यती सांगायचा आणि ऐकणाऱ्यांच्या पोटांकडे बघायचा. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने सगळ्यांदेखत कवळीवाल्याच्या पोटाला चिमटा काढला.

"साडूभाऊ, हे कुठल्या साच्यातून काढलंत?"

सगळे हसले. बायकोसुद्धा हसली, हे त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने बूट आणले आणि त्याच क्लबात नाव घातलं.

पहिल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत तो शेवटून तिसरा आला आणि कठड्याला धरून ओकला. मग हट्टाने पोहायला शिकला, तेही तलावाच्या उथळ बाजूला, कमरेला फुगा बांधून, पहिलीतल्या मुलांबरोबर. पायाची तीन नखं काळी पडून गळली. दोन वर्षांत सात शर्यती झाल्या आणि सातही वेळा साडू पुढे. नुसता पुढे आला असता तर चाललं असतं, पण तो शेवटच्या रेषेवर पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा.

"पोचलात का? आम्ही म्हटलं, आता जेवून घ्यावं."

कवळीवाला बाटली घ्यायचा आणि न पिता झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकायचा.

आठवी शर्यत ट्रायथलॉनची होती. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि शेवटी तलावाभोवती तीन फेऱ्या धावणं. प्रत्येक फेरीत एका फाट्यावर डावीकडे वळून टेकाडावरच्या पंपघरापर्यंत जायचं, तिथे टेबलावरून रबरी पट्टी घेऊन मनगटात घालायची आणि खाली यायचं. तीन फेऱ्या, तीन पट्ट्या.

हे दोघं एकमेकांना एरवीही पाण्यात पाहत होतेच, त्या दिवशी तर खरोखरच्या पाण्यात होते. पहिल्याच वळणावर साडूची टाच कवळीवाल्याच्या पोहण्याच्या चष्म्यावर बसली. उरलेलं अंतर तो एका डोळ्याने पोहला. टाच मुद्दाम मारली याबद्दल त्याच्या मनात तेव्हाही शंका नव्हती, पुढेही कधी आली नाही. सायकलवर त्याने बरंच अंतर भरून काढलं. धावताना साडूची पिवळी टोपी दोनशे पावलं पुढे दिसत होती आणि तो तिच्याकडे बघत, दात खात पळत होता. तिसऱ्या फेरीत ऊन असं चढलं की रस्ता पांढरा दिसायला लागला. मध्येच कधीतरी टोपी दिसेनाशी झाली. रेषा ओलांडली तेव्हा कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, पंचेचाळीसच्या वरच्यांत तिसरा.

पट्ट्या मोजायला बसवलेली मुलगी त्या वेळी चक्कर आलेल्या एका माणसाला सावलीत नेत होती. दीड मिनिटाने साडू आला, चौथा. या वेळी पाण्याची बाटली कवळीवाल्याच्या हातात होती.

"पोचलात का?" त्याने विचारलं.

बक्षिसाचा फोटो संध्याकाळी क्लबाच्या ग्रुपवर आला. तासाभरात साडूने त्याच फोटोतलं मनगट मोठं करून टाकलं. पट्ट्या दोनच होत्या. खाली लिहिलं होतं, "तिसरी पोटात गेली वाटतं."

मग जो तो तोंडसुख घ्यायला लागला. ज्यांच्याबरोबर हा दर रविवारी पळायचा त्यांनीही हसरी तोंडं चिकटवली. कवळीवाल्याने एकदाच लिहिलं, "तिसरी तुटून पडली असेल. मी पूर्ण पळालो आहे." त्यावर क्लबातच पळणाऱ्या दंतवैद्याने, म्हणजे दवाखान्यातल्या त्याच्याच मालकाने, अंगठा दाखवला. तो पाठिंब्याचा की चेष्टेचा, हे त्याने विचारलं नाही.

सहा आठवड्यांनी सासऱ्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून सगळे जेवायला जमले. दोघी बहिणींनी नवऱ्यांना टेबलाच्या दोन टोकांना बसवलं होतं. साडू त्या टोकावरून बोललाच.

"मी काय म्हणतो, पदक परत करून टाका. प्रकरण मिटवू आपण."

"मिटवणारे तुम्ही कोण?"

"ज्याचं पदक ढापलंत तो."

"पट्टी तुटली, सांगितलं ना एकदा."

"तू चोर आहेस," साडू म्हणाला. वीस वर्षांच्या नात्यात तो पहिल्यांदा एकेरीवर आला.

कवळीवाल्याने ताट पुढे सरकवलं. "आणि तू लाथ मारणारा. पोहताना माणसाच्या डोळ्यावर लाथ घालणारा."

"भाऊजी, आज तरी नको," बायको साडूला म्हणाली. थोरली बहीण तिच्यावरच उलटली, "त्यांना काय सांगतेस? स्वतःच्या नवऱ्याला सांग." सासरे खाली बघून जेवत राहिले. मग बहिणीबहिणींत जे सुरू झालं ते पुरुषांच्या भांडणापेक्षा जुनं होतं आणि लांबलं.

पुढच्या रविवारी सकाळी कवळीवाला एकटाच तलावावर गेला, तो स्वतःला खरं ठरवायला. पट्टी कुठे तुटली असेल ती जागा शोधायची, कुंपणाची एखादी तार, एखादी काटेरी फांदी, तिचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर आपटायचा. तो फेरी आठवत आठवत चालत होता. फाट्यापाशी आला आणि थांबला.

साडूला ओलांडताना त्याचं तोंड कसं होईल, हे त्याने दोन वर्षं रोज पळताना मनात रंगवलं होतं. ओलांडलं असेल तर ते तोंड दिसायला हवं होतं. तो बराच वेळ आठवत राहिला. पहिल्या फेरीची पट्टी आठवली, दुसरीची आठवली, पंपघरापाशी टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्याची थरथरती बोटंसुद्धा आठवली. साडूचं तोंड काही आठवेना. आठवलं ते एवढंच, की तिसऱ्या फेरीत टेकाडावरून उतरणारी चार-पाच माणसं इथे त्याच्या अंगावर आली होती आणि तो त्यांच्याबरोबर सरळ निघून गेला होता. डावीकडे वळलाच नव्हता. साडूला त्याने ओलांडलं नव्हतं. साडू वर पंपघरापाशी असताना हा खालून पुढे गेला होता.

तो फाट्यावरच्या दगडावर बसला. राग उतरला नाही, पण तो स्वतःवर सोडून दुसऱ्या कोणावर काढायला जागाच उरली नाही.

सायकलच्या दुकानाचा मालक शर्यत भरवायचा. दुकान उघडल्या उघडल्या कवळीवाल्याने पदक त्याच्या टेबलावर ठेवलं.

"शेवटच्या फेरीत पंपघर चुकलो. माझ्या नावापुढे शर्यत अपूर्ण असं लिहा."

"अहो, राहू द्या आता. दीड महिना झाला. कोण बघतंय?"

"लिहा. माझ्यासमोर लिहा."

मालकाने लिहिलं. मग कवळीवाल्याने ग्रुपवर तेच टाकलं. खाली एक ओळ वाढवली, "चुकलो. चोरी केली नाही." दोन मिनिटांत साडूचं उत्तर आलं, "चोराने कबुली दिली." त्याखाली टाळ्या.

कवळीवाल्याने फोन लावला. "मी चुकलो ते मी सांगितलं. आता चोर हा शब्द मागे घे."

"चोर म्हणण्यातच तर मजा आहे," साडू म्हणाला आणि फोन ठेवला.

कवळीवाल्याने ग्रुप सोडला, क्लब सोडला. बायकोने विचारलं, "तुम्हाला कबूल करायला सांगितलं होतं कोणी?"

"नाही."

"मग आता चिडता कोणावर?"

"त्याच्यावरच. तो हलकट आहे."

"ते खरं आहे," बायको म्हणाली आणि बहिणीचा आलेला फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

पळणं मात्र त्याने सोडलं नाही. परगावच्या शर्यतींना एकटा जातो, कधी अकरावा येतो, कधी विसावा. रोज सकाळी कालव्याच्या काठाने पळतो. वाट अरुंद आहे. परवा समोरून साडू पळत आला. दोघांनी एकमेकांना लांबूनच पाहिलं. एकाला बाजूला व्हावं लागणार होतं. दोघंही झाले नाहीत. खांद्यावर खांदा आदळला, साडूचा एक पाय गवतात गेला, कवळीवाल्याचं कोपर कठड्याला खरचटलं. कोणी थांबलं नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. दोघांचाही वेग उलट वाढला.