बाराच्या आतलं गडंगनेर

आमच्याकडे लग्न ठरलेल्या पोराला लग्नाआधी घरोघरी जेवायला बोलावतात. त्याला गडंगनेर म्हणतात. माझं लग्न ठरलेलं नव्हतं. मी फक्त चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका विहारात वर्षभर धम्मसेवक म्हणून राहायला निघालो होतो. वसतिगृहातल्या पोरांना शिकवायचं, झाडलोट करायची, सांगतील ते काम करायचं. पण पोरगा वर्षभरासाठी घर सोडतो, पांढरे कपडे शिवतो आणि उगाच गंभीर तोंड करून फिरतो, म्हणजे हे लग्नाच्याच जातीतलं काहीतरी असणार, असं सावली गावातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी ठरवून टाकलं.

जाणं मात्र पक्कं नव्हतं. विहाराच्या भन्तेजींची एकच अट होती, आईचा होकार. तो ते स्वतः घरी येऊन तिच्या तोंडून ऐकणार होते. आणि आई काही हो म्हणत नव्हती.

सेवेला तिची ना नव्हती. पौर्णिमेला विहारात खिरीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, आमच्याच घरून जातं. तिला भीती होती चिवराची, पोरगा भिक्खूची वस्त्रं चढवून तिकडचाच होण्याची. तिचा धाकटा भाऊ श्रामणेर शिबिराला म्हणून थोड्या दिवसांसाठी गेला, तो भन्ते होऊनच राहिला. आता तो दारात आला की माझी आजी, म्हणजे त्याची सख्खी आई, त्याला वाकून पंचांग प्रणाम करते आणि मग आत जाऊन एकटीच बसून राहते.

"तो शिबिराले गेला तं गेलाच," आई म्हणायची. "तू तं वर्षभरासाठी चालला. तुले कोन वापस देनार हाय?"

"माय, मी काही भन्ते होऊन नाई राह्यलो. पोराईले गणित शिकवाले चाललो."

"तोबी असाच म्हनत होता."

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? दिवसभर टीव्ही पाहावा, भाजीला नावं ठेवावी, हा पोरगा संसारातून सुटणारा नाही हे आईला दिसू द्यावं. मी नेमकं उलटं केलं. मी अष्टशील पाळायला लागलो, तेही रोज. लोक पौर्णिमा-अमावास्येला, उपोसथाच्या दिवशी पाळतात. रोज पाळ असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. पण तयारी म्हणजे तयारी! दुपारी बारानंतर जेवण बंद. पलंग बंद, चटई सुरू. टीव्ही बंद. सुगंध वर्ज्य म्हणून अंगाला कपड्याचा साबण. त्याने अशी खाज सुटली की ध्यानाला बसलो की एक हात मांडीवर आणि दुसरा पाठीवर.

वडिलांनी पेपराआडून विचारलं, "याले ध्यान लागून राह्यलं का खरूज?"

आई हसली नाही. ती माझ्या चटईकडे नुसती पाहत राहायची. मला वाटायचं, माझ्या निष्ठेची छाप पडते आहे.

त्यात हे गडंगनेर. शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "संध्याकाळी ये गा जेवाले."

"काकू, मी बारानंतर जेवत नाई."

मला वाटलं, सुटलो.

"मंग सकाळी ये. आमालेबी वावरात जाचं हाय."

मोहल्लाभर ही सोय पसरली. एकीकडे जेवलो की दुसरीकडे नाही म्हणता येत नाही, रुसवा होतो. मग उजाडता उजाडता एका घरी तांदळाच्या पिठाचे आयते, तिथून उठलो की दुसरीकडे पातोडीचा रस्सा, तिसरीकडे मटन. काकू घड्याळाकडे पाहून वाढायची. "खा गा, बाराले लय टाइम हाय!" उरलेला दिवस मी व्रतस्थ राहायचो, म्हणजे बकरी गिळलेल्या अजगरासारखा पडून राहायचो. नव्या पांढऱ्या पायजाम्याची नाडी रोज थोडी सैल करावी लागत होती.

भन्तेजी भोजनदानाला आणि आईचा होकार ऐकायला येणार होते, त्या दिवशीही काकूने सोडलं नाही. "तुह्या भन्तेजीच्या आंधी आमचं." तिच्याकडे आयते खाऊन घरी आलो. भन्तेजींचं भोजन झालं. आईने मलाही वाढलं, आणि तिच्याकडून होकार हवा असताना तिच्या हातचं नाकारणं बरं दिसलं नसतं. मग सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. भन्तेजी म्हणाले, "पाच मिनिटं ध्यान करू."

मी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. पुढचं मला लोकांनी सांगितलेलं आहे.

पाच मिनिटांनी सगळ्यांनी डोळे उघडले. मी उघडले नाहीत.

"हालून नाई राह्यला व," काकू कुजबुजली.

"पापनीबी हालत नाई, पाय. ध्यान लागलं पोराले!" दुसरी एक बाई म्हणाली.

दारातून मोहल्ला आत आला. कोणी माझ्यापुढे फुलं ठेवली, कोणी अगरबत्त्या लावल्या. काकूने तर हात जोडले. आईचा चेहरा पांढराफटक.

"भन्तेजी, उठवा जी त्याले," ती म्हणाली. "गेला माहा पोरगा. उठवा."

भन्तेजी म्हणाले, "थांबा."

आणि मी घोरलो. धानाची गिरणी सुरू व्हावी तसा, आधी नुसता खडखडाट, मग एका लयीत. मग हळूहळू कलंडलो तो काकूच्या मांडीवर, आणि झोपेतच स्पष्ट बोललो, "बस जी काकू, बारा वाजून गेले."

मला जाग आली ती आईच्या हसण्याने. डोळे उघडले तर समोर फुलं, अगरबत्त्या, हात जोडलेली माणसं. मला वाटलं, आपण मेलो. पण मेलेल्याची आई अशी पोट धरून हसत नाही. डोळे पुसत तिने विचारलं, "भन्तेजी, खरं सांगा जी. याले चिवर भेटन का?"

भन्तेजींनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"बाई, यानं मांगितलं तरी नाई भेटनार."

"मंग घेऊन जा जी," आई म्हणाली.

झाला होकार! यासाठी मी इतके दिवस अंग खाजवत होतो. आनंद मानावा की अपमान, हे ठरायच्या आत भन्तेजींनी विचारलं, "खिचडी करता येते का?"

"नाई जी."

"शिकून घे. आमच्या इथी सेवक संध्याकाळी पोराईसोबतच जेवते."

"पण माझं रोजचं अष्टशील?"

"रोजचं? तुले कोन सांगतलं?"

काकू माझं डोकं मांडीवरून बाजूला करून उठली.

आईने मला आत बोलावलं, गंजात तांदूळ काढून दिले आणि धुवायला सांगितलं. मी ऐटीत पाणी घालून ते मोरीत ओतलं. पाण्यासोबत अर्धे तांदूळ गेले. मी वर पाहिलं, म्हटलं आता बोलणी बसतात.

आई समाधानाने मोरीकडे पाहत होती.

"येशीन," ती म्हणाली. "तू बरोबर वापस येशीन."