बाबांचा तळहात

पांढुर्ण्यात तीस वर्षं बाबांनी एसी दुरुस्त केले ते तळहाताच्या भरवशावर. गॅस भरताना परतीच्या पाइपावर हात ठेवायचे. पाइप हवा तसा घामेजला की म्हणायचे, "बस." मी सिलिंडर बंद करायचो. जुन्या गॅसात त्यांचं "बस" कधी चुकलं नाही.

सौंसरला एका रिटायर्ड गुरुजींकडे थंड-गरम दोन्ही देणारा एसी होता. त्यांच्या बाईंना लकवा मारलेला, हिवाळ्यात खोली गरम लागायचीच. गॅस गळला होता. बाबांनी गळती बुजवली अन् वरून थोडा गॅस मारला. आठ दिवसांनी फोन आला, "खोली तापूनच नाही राहिली." पुन्हा गेलो, पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाईंच्या अंगावर दोन रजया होत्या अन् गुरुजी आम्हाला बसाही म्हणाले नाहीत.

काहून होऊन राहिलं, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो तीन गॅसांचा मिश्र गॅस. गळती लागली की हलका आधी निघून जातो, जड मागे राहतो. वरून कितीही भरा, मूळचं प्रमाण येत नाही. सारा काढून घ्यावा लागतो, नवा वजनावर भरावा लागतो, तोही सिलिंडर उलटा धरून, म्हणजे तिन्ही गॅस सोबतच उतरतात. अन् पाइपाचा गारवा जागोजागी बदलतो, म्हणून हात फसतो. हे मी नागपूरला ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो, तरी दोन खेपा मूग गिळून बसलो. बापाला शिकवायचं कोणत्या तोंडानं?

तिसऱ्या खेपेला माझं डोकं सरकलं. गुरुजींसमोरच म्हटलं, "बाबा, सारा काढा लागते."

"मी अनाडी आहो का?"

"या गॅसासाठी आहात."

काटा मांडला, सारं नव्यानं भरलं. बाबा दाराशी उभे होते. तासाभरात बाईंनी चांगल्या हातानं एक रजई सरकवली. गुरुजी म्हणाले, "पोरगा बापाच्या पुढे गेला." बाबा हसले. मी मूर्ख, फुगलो.

त्यानंतर बाबा कामावर यायचे, पाने-पकडी उचलून द्यायचे, पण पाइपाला हात लावत नव्हते.

परवा घरचा जुना खिडकीचा एसी गॅस भरायला काढला. त्यात त्यांचाच तो जुना, बिनमिसळीचा गॅस. मी मुद्दामच काटा आणला नाही. म्हटलं, "बाबा, हात ठेवून सांगा."

त्यांनी हात ठेवला. पाइप घामेजला. पाणी त्यांच्या बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आलं, तरी त्यांचं "बस" येईना. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "झालं का रे?"